परीक्षेला बसलेले मामा

संगणकाला हात लावायच्या आधी त्याचं पोट बघून घ्यावं, असं मामांचं मत होतं. सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही वीस-बावीस मुलंमुली हौसेने लॅबमध्ये शिरलो, तर दारातच एका बुटक्या, मिशा पिकलेल्या माणसाने आम्हाला अडवलं. चपला रांगेत लावायला लावल्या आणि सगळ्यांना एका टेबलाभोवती उभं केलं. टेबलावर एक बंद पडलेला जुना संगणक आणि चार-पाच स्क्रू ड्रायव्हर ठेवलेले होते.

"उघडा," ते म्हणाले. "बैल घेताना दात बघत्यात. हितं पोट बघायचं. तोंड काय, समद्यांचं चांगलंच दिसतंय."

कॉलेजात एक रीत होती. वर्गात शिकवणारे ते सर, आणि चाव्या, घंटा, खडू, कपाटं सांभाळणारे ते मामा. हे प्रयोगशाळा सहायक होते. म्हणजे त्या रीतीप्रमाणे मामाच. आम्हाला शिकवायला सर वेगळे होते, पण ते यायच्या आधीचा अर्धा तास मामांचा असायचा आणि सर गेल्यानंतरचा सगळा वेळही.

मी माण तालुक्यातली. आमचं गाव दहिवडीपासून आत. वडील मुंबईला गोदामात कामाला, वर्षातून दोनदा घरी यायचे. आई शेरडं सांभाळायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या दिवशी बरोबरच्या मुलींच्या बोलण्याचीच मला इतकी धास्ती वाटत होती की कुणी नाव विचारलं तरी मी हळूच सांगायची. माझ्या तोंडून 'आमी' आणि 'न्हाई' निघू नये म्हणून मी शक्यतो बोलतच नव्हते. पण स्क्रू ड्रायव्हर हातात आल्यावर मला बरं वाटलं. घरी फ्यूज गेला की मीच घालायची. सगळ्यात आधी झाकण मी काढलं.

मामा जवळ आले. "कुठली गं तू?"

मी गाव सांगितलं.

"मग बोलत का न्हाईस? गावाकडं पाणी कमी, शब्द बी कमी हाईत व्हय?"

सगळे हसले, मीही हसले. त्या दिवसापासून निदान लॅबमध्ये तरी मी घरच्यासारखं बोलायला लागले.

मामांकडे एक जाड वही होती. तिच्यावर त्यांनी सुबक अक्षरात 'आजारपण' असं लिहिलं होतं. लॅबमधल्या प्रत्येक मशीनला त्यात दोन-दोन पानं होती. त्यातल्या काही नोंदी मला अजून पाठ आहेत. 'सात नंबर. श्रावणात सर्दी. सकाळी लवकर उठत नाही, दोनदा हाक मारावी.' 'बारा नंबर. स्वभावाने गरीब. मुलं त्रास देतात.' 'एकवीस नंबर. खोटा आजार. शुक्रवारी प्रॅक्टिकल असलं की बंद पडतो. मुलांना विचारणे.' नवीन आलेल्या एका सरांनी ती वही हसण्यावारी नेली. महिन्याभरात तेच सर, "मामा, सात नंबरला काय करायचं?" म्हणून विचारत आले. मामांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

बाहेरून आणलेला पेन ड्राइव्ह म्हणजे त्यांच्या भाषेत पाव्हणा. कुणी घाईघाईने तो मशीनला लावायला गेलं की लॅबच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज यायचा, "पाव्हण्याचं पाय धुतलं का?" पाय धुणं म्हणजे त्यात व्हायरस आहे का ते आधी तपासणं. मी आज माझ्या विद्यार्थ्यांना तेच विचारते.

त्यांचं शिकवणंही असंच. एकदा ते सांगत होते, "मशीन म्हंजी नवी सून. सांगितलं तेवढंच करती, मनानं काय करत न्हाई."

तासगावची एक मुलगी आमच्या वर्गात होती, फटकळ. ती म्हणाली, "आवं मामा, नवी सून काय बिनडोक असती व्हय? सगळं कळतं तिला. गप बसती."

मामा उठून कपाट आवरायला लागले. आम्हाला वाटलं, त्यांना राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीच्या आधीच जाहीर केलं, "काल माझं चुकलं. रातभर इचार केला. मशीन म्हंजी जावई. सांगितल्याबिगर ताटावरनं उठत न्हाई आन् एक शब्द चुकला की रुसून बसतंय." त्यानंतर जावईच कायम राहिला.

प्रोग्राम चालत नसला की ते आमची चूक दाखवत नसत. शेजारी स्टुलावर बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "वाच मोठ्यानं." आपण एकेक ओळ वाचायची. चुकलेली ओळ आली की त्यांचा एक डोळा उघडायचा. तेवढंच. मग आपलं आपण शोधायचं. त्यांना त्या सगळ्या भाषा येत होत्या असं नाही, पण इतकी वर्षं पोरांचे प्रोग्राम ऐकून ऐकून त्यांचा कान तयार झाला होता. घाई करणाऱ्याला ते विचारायचे, "घाई कुणाला हाय? तुला का मशिनीला?"

दसऱ्याला मात्र त्यांच्याकडून एकदा चूक झाली होती. आम्ही यायच्या आधीची गोष्ट. खंडेनवमीला त्यांनी भक्तिभावाने प्रत्येक कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, आणि पुढे महिनाभर बटणं अडकत राहिली. तेव्हापासून पूजा फक्त दाराच्या चौकटीची व्हायची. "देव बी म्हणत असंल, मला आत नगं," असं ते स्वतःच सांगून हसायचे.

बी.एस्सी. झाल्यावर मला शिरवळच्या एका कारखान्यात कामाचं बोलावणं आलं. आमच्या चुलत्यांनी खटपट केली होती. मी पेढे घेऊन लॅबमध्ये गेले. मामांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"काम काय?"

"आलेल्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद करायची."

"आन् धा वर्सांनी?"

मी पेढ्यांचा पुडा मिटायला लागले.

"धा वर्सांनी बी मालाचीच नोंद करशील," ते म्हणाले. "वाईट न्हाई ते. पर फुडचं दार उघडाय एम.एस्सी. लागती. मला त्या वयात कुणी सांगितलं न्हाई, म्हणून सांगतो. मी बारावीवर चिकटलो, मग बाहेरून कशीबशी पदवी घेतली, आन् थांबलो. माझ्या हातनं शिकलेली पोरं सर होऊन आली आन् मी त्यास्नी लॅबची चावी देतूय. तुला चावी द्यायची का घ्यायची?"

"घरी काय सांगू मामा? लग्नाचं बघायला लागलेत."

"घरी मी सांगतो."

त्यांनी माझ्यासमोरच मुंबईला वडिलांना फोन लावला. माझे वडील कमी बोलणारे, त्यात शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याला काय कळतंय म्हणून आणखी गप्प. मामा त्यांना मार्कांबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "दाजी, सात नंबरचं मशीन माझ्याबिगर कुणाला उठत न्हाई. तुमच्या लेकीला उठतंय. आणिक दोन वर्सं तिला हितं ऱ्हाऊ द्या." सात नंबर म्हणजे काय हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण पुढे गावात कुणी लग्नाचा विषय काढला की ते सांगायचे, "तिथलं एक मशीन आमच्या पोरीशिवाय चालत नाही. कॉलेजच सोडत नाही तिला."

एम.एस्सी.ची दोन वर्षं मामा माझ्यासाठी सकाळी सातला लॅब उघडायचे. माझ्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. ते पायरीवर बसून भडंग खात, कारण लॅबमध्ये खायचं नाही हा त्यांचाच नियम. मी आत काम करत असे. दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही 'अभ्यास कर' म्हणून सांगितलं नाही.

पुढे मी साताऱ्याच्या एका कॉलेजात आधी तासिका तत्त्वावर आणि नंतर कायम अशी लागले. लॅबची जबाबदारीही माझ्याकडे आली. सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना एका रविवारी मामांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"माझी लॅब जाती गं."

त्यांच्या संस्थेने 'संगणक केंद्रप्रमुख' असं नवीन पद काढायचं ठरवलं होतं. दोन वर्षांनी, जूनमध्ये. त्याला पदव्युत्तर पदवी हवी, तीही पंचावन्न टक्क्यांची. सहायकाचं पद बंद होणार होतं आणि मामांना परीक्षा विभागात कोऱ्या उत्तरपत्रिका मोजायला बसवणार होते. पगार तोच राहणार होता. पण मामांना पगाराचं काही नव्हतं. तीस मशीनं आणि ती वही दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार होती.

"मग एम.एस्सी. करा," मी म्हणाले.

"मला एकोणपन्नास चालू हाय."

"घाई कुणाला आहे, मामा? तुम्हाला का मशीनला?"

ते बराच वेळ हसले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बहिःस्थ प्रवेश घेतला.

मग दोन वर्षं दर रविवारी सकाळी आमचा फोन असे. हाताने करायची गोष्ट त्यांना कधीच अडली नाही. अडायचं ते इंग्रजी आणि गणिती सिद्धांत. ते लिहिलेलं उत्तर मोठ्याने वाचायचे, मी डोळे मिटून ऐकायची आणि चुकलं की "हं" म्हणायची. मामी मागून ओरडायच्या, "आगं, आमच्या ह्यांस्नी म्हातारचळ लागलाय गं! नातवाच्या बरोबरीनं पाटीवर गिरवत्यात!" मामा फोनवर हात ठेवून त्यांना गप्प करायचे, पण मला सगळं ऐकू यायचं. एका विषयात ते राहिले, पुन्हा बसले, निघाले. शेवटी एकच प्रॅक्टिकल आणि त्याची तोंडी परीक्षा उरली. तिचं केंद्र आलं आमच्या कॉलेजचं, साताऱ्याचं. अंतर्गत परीक्षक मी.

बाहेरून आलेले परीक्षक वयाने मोठे, कडक, हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवणारे. मी त्यांना आधीच सांगितलं, "सर, यातल्या एका परीक्षार्थींनी मला शिकवलेलं आहे." ते म्हणाले, "मग त्यांची तोंडी मी घेईन." मला तेच हवं होतं.

मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. खिशाला दोन पेनं आणि खोडरबर. बाकीचे परीक्षार्थीही नोकरी करणारेच होते, पण मामांच्या निम्म्या वयाचे. मशीनपुढे बसल्यावर मामांनी हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, सुरू करू का?" त्यांच्या तोंडून 'मॅडम' ऐकून मला कसंतरीच झालं.

तीन तासांत दोन प्रोग्राम करायचे होते. मामांनी पहिला आधी पेन्सिलने कागदावर लिहिला, मग मशीनवर घातला. वेळ लागला, पण चालला. माझा जीव भांड्यात पडला. मग आम्ही दोघे परीक्षक काचेच्या केबिनमध्ये एकेकाची तोंडी घ्यायला बसलो. आमचा लॅबमधला माणूस छपाईचा कागद आणायला खाली गेला होता.

वाईहून आलेली एक शिक्षिका मामांच्या पुढच्या रांगेत होती. तिचं मशीन अचानक बंद पडलं. पुन्हा चालू केलं तर नुसतं शिट्ट्या मारायला लागलं. केलेलं काम गेलं असं वाटून ती रडायला लागली. मी केबिनमधून मान वर करून पाहिलं. मामा उठले होते. त्या शिक्षिकेला बाजूला बसवून ते टेबलाखाली वाकले होते, आणि झाकण काढून ठेवलेलं दिसत होतं.

आणि मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. मामा बघतायत, आता काळजी नाही. इतकंच मनात आलं, आणि मी समोरच्या मुलाला पुढचा प्रश्न विचारला.

पाच वर्षं मी हेच पाहत आले होते. कुठंतरी मशीन बंद पडलंय, कुणीतरी रडतंय, टेबलाखालून मामांचे पाय दिसतायत. त्या चित्रात चुकीचं काही आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मामांच्याही आलं नाही. त्यांनी आतली मेमरीची पट्टी काढली, खिशातल्या खोडरबराने तिची टोकं घासली, परत बसवली. मशीन उठलं. पण नुसतं मशीन उठवून ते परतले नाहीत. तिची हरवलेली फाइल शोधून, ती उघडून, तिच्या तोंडावर हसू आलेलं बघूनच उठले. यात पाऊण तास गेला. आपल्या जागेवर बसून त्यांनी दुसरा प्रश्न वाचायला घेतला, तेवढ्यात बाहेरच्या परीक्षकांनी वेळ संपल्याचं सांगितलं.

मशीन बंद पडलं म्हणून त्या शिक्षिकेला नियमाप्रमाणे जादा वेळ मिळाला. मग परीक्षकांनी विचारलं, "तिचं मशीन दुरुस्त कुणी केलं?"

मामा उभे राहिले.

"तुम्ही परीक्षार्थी आहात. दुसऱ्याच्या मशीनला हात लावलात?"

"मशीन बंद पडलं हुतं, साहेब."

"पण तुम्ही परीक्षेला बसला आहात."

मामांनी एकदा आपल्या खुर्चीकडे पाहिलं. "व्हय की," ते म्हणाले. "ध्येनातच ऱ्हायलं न्हाई."

मी उठले. "सर, चूक माझी आहे. मी पाहिलं होतं, पण थांबवलं नाही. मलाही लक्षात आलं नाही." परीक्षकांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्या वाईच्या शिक्षिकेचा प्रोग्राम उघडून तपासला. त्यात मामांचं एक अक्षरही नव्हतं. गैरप्रकार नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि मग तो कडक माणूस मवाळ आवाजात म्हणाला, "मशीनमुळे ज्यांचा वेळ गेला त्यांना जादा वेळ देता येतो. तुमचाही गेलाच. बसा अर्धा तास."

मला वाटलं, देव पावला.

मामा बसले नाहीत. "न्हाई साहेब. माझं मशीन कुठं बंद पडलं हुतं?"

"मामा!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "बसा!"

"आगं, नियम मशिनीचा हाय. माझं चालूच हुतं. मी उठलो त्यात मशिनीचा काय दोष?"

तोंडी परीक्षेत त्यांना जवळजवळ पूर्ण गुण मिळाले. परीक्षकांनी त्यांना एवढंच विचारलं होतं, "मघाशी त्या मशीनला काय झालं होतं, सांगा." मामा वीस मिनिटं बोलत होते, सांगलीच्या भाषेत, आणि परीक्षक एकदाही मध्ये बोलले नाहीत. पण दुसरा प्रोग्राम कोराच होता. निकाल लागला. मामा पास झाले, घराण्यातले पहिले एम.एस्सी. झाले, आणि पंचावन्नाला जरासे कमी पडले.

जूनमध्ये पुण्याहून एक मुलगा केंद्रप्रमुख म्हणून आला. मामा परीक्षा विभागात गेले.

मी सांगलीला त्यांच्या घरी गेले तेव्हा काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, पण दारात मामींना पाहिल्यावर सगळं विसरले. मामांनी मला चहा पिऊ दिला आणि मग एक फॉर्म पुढे सरकवला. श्रेणी सुधारण्यासाठी तीच परीक्षा पुन्हा देता येते, त्याचा. सगळा भरलेला होता.

"केंद्र कराड घातलंय," ते म्हणाले.

"का? साताऱ्याला या की. ह्या वेळी मी नीट लक्ष ठेवेन."

"त्येच नगं," ते म्हणाले. "राग धरू नगंस. तुझ्या लॅबमदी पाय ठेवला आन् मला माझीच वाटली. दारात चपला वळीनं. कपाटावर तसलीच आजारपणाची वही. पोरं बी हळू बोलत्यात. तितं मला परीक्षेला बसलोय असं वाटतच न्हाई. परक्या जागी बसतो. तितं उठायचं सुचायचं न्हाई."

मी फॉर्म परत त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मामा, शपथ घ्या. काहीही झालं तरी उठायचं नाही."

"आता लहान हाय का मी शपथ घ्यायला?" असं म्हणत त्यांनी गळ्याला हात लावला.

पुण्याचा मुलगा दिवाळीपर्यंतही टिकला नाही. त्याला चांगली नोकरी मिळाली आणि तो गेला. पुन्हा जाहिरात निघाली तेव्हा मामांची गुणपत्रिका हातात आली होती. पंचावन्नच्या वर, बऱ्यापैकी वर. आज ते त्या केंद्राचे प्रमुख आहेत. मुलं अजून मामाच म्हणतात, आणि संस्थेच्या पत्रांवर त्यांच्या नावापुढे एम.एस्सी. लिहिलेलं असतं. मामींनी तसं एक पत्र फ्रेम करून लावलंय. त्यात प्रिंटर दुरुस्तीबद्दल कळवलंय, पण मामींना त्याचं काही नाही.

कराडची परीक्षा झाली त्या दिवशी दुपारी मात्र मामांचा फोन आला होता. मी सकाळपासून त्याचीच वाट पाहत होते.

"झाला पेपर?"

"झाला. दोन्ही झालं. चाललं बी."

"मग आवाज असा का?"

"शेजारी एक गडी हुता. बँकेत हाय म्हणं. निम्म्यात त्याचं मशीन गेलं. तितला माणूस आला, वायर काढून घालून बघाय लागला. वायर न्हवतीच ती. मेमरी हुती. मला शिट्टीवरनं कळलं."

"मग?"

"मग काय. दोन्ही हात मांडीखाली घेतलं आन् बसून ऱ्हायलो. तुला शबूद दिला हुता."

"बरोबर केलंत, मामा. त्यालाही जादा वेळ मिळाला असेल. तसा नियमच आहे."

फोनमध्ये कराडच्या स्टँडवरची घोषणा ऐकू येत होती, मिरज की कुठल्या गाडीची. ती संपेपर्यंत ते थांबले.

"त्यो गडी पास झाला असंल का गं?" त्यांनी विचारलं.